पानाची पलीकडची बाजू

॥ श्री ॥

मुरुगवाडा, रत्नागिरी
ता. २४ सप्टेंबर १९३५

तीर्थस्वरूप सौ. अक्कांस, धाकट्या पद्मजेचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला देवरुखास जाऊन आज बारा दिवस झाले. आठ दिवसांत येते म्हणून गेलात. वहिनी सुखरूप बाळंत झाल्या, मुलगा झाला, हे तुमच्या अण्णांच्या कार्डावरून कळलं. फार आनंद झाला. पण तुम्ही कधी येणार, याबद्दल त्या कार्डात एक अक्षर नाही. मी कार्ड उलटंपालटं करून बघितलं, कडेला कुठे बारीक लिहिलंय का म्हणून. कुठेच नाही.

इकडे पाऊस सरत आलाय. दुपारी जरा ऊन पडतं, मग समुद्रावरून पांढरं धुकट वर चढतं आणि परसातल्या केळी दिसेनाशा होतात. त्या वेळी पोटातलं पोर फार हलतं. मी झोपाळ्यावर आडवी होते, लाटांचा आवाज ऐकता ऐकता डोळा लागतो, आणि अर्धवट झोपेत तुम्ही माजघरातून हाक मारल्यासारखं वाटतं. मी ओ देते. गोठ्यातून सगुणा विचारते, धाकटी बाय कोणाला ओ देते म्हणून. काय सांगू तिला, कप्पाळ?

स्वारीचं ठीक आहे. आगबोटी पुन्हा सुरू झाल्या, त्यामुळे बंदर कचेरीत काम वाढलंय. घरी आले की ओटीवर बसून समुद्राकडे बघत राहतात. बोलणं तुम्हाला माहीतच आहे. परवा एकदम म्हणाले की यंदा घर मोठं वाटतं. मी विचारलं, मोठं म्हणजे कसं? तर पंचा घेऊन विहिरीवर निघून गेले.

जेवणाचं सांगायचं राहिलं. मी अजून माझ्याच जागी बसते हो. लग्न होऊन आले त्या दिवशी मी चुलीपाशी रडत होते, आठवतं ना? नवऱ्याच्या उष्ट्या पानावर बायकोने जेवायचं, पण ती बायको तर तुम्ही. मग मी काय वेगळं पान घेऊन पाहुणीसारखी बसू? तेव्हा तुम्ही त्यांच्या पाटावर बसलात, माझा पाट ओढून समोर मांडलात आणि म्हणालात, देवाने केळीच्या पानाला मधोमध शीर दिली आहे ती कशाला? शिरेच्या अलीकडचं तुमचं, पलीकडचं माझं. आणि पलीकडे काय, तर मीठ, लिंबू, चटणी आणि लोणचं! चार वर्षं मला मीठवाली म्हणून चिडवलंत. आता तुमचा पाट रिकामा आहे, पण माझ्याने तिथे बसवत नाही. मी पलीकडूनच हात लांब करून भात ओढते. पोट मधे येतं, ती गंमत निराळीच.

तुळसा सुईण म्हणते, दिवाळीच्या आगेमागे. मला आई नाही. मालगुंडाहून मावशी येते म्हणालीय, पण अक्का, मला मावशी नको. कळा सुरू होतील तेव्हा मला तुमचा हात धरायचाय. दुसरं काही मागत नाही.

कळावे. माझ्यावरचा लोभ तिथल्या बाळाला सगळा वाटून टाकू नये, थोडा बांधून परत आणावा.

तुमची
पद्मजा

॥ श्री ॥

देवरूख
ता. ३० सप्टेंबर १९३५

चि. सौ. पद्मजेस अक्काचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षर बरंच वळणावर आलंय. पाटावर तांदळाचं पीठ पसरून तुला गिरवायला बसवत होते, ते फुकट नाही गेलं म्हणायचं.

वहिनी अजून अशक्त आहे. बाळ रडवं, आणि घरात बाईमाणूस दुसरं नाही. तेव्हा माझं निघणं इतक्यात होत नाही. इथे सगळं आहे, फक्त समुद्राचा आवाज नाही. दुपारी पडलं की कानांत काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. डोंगरावरून ढग उतरतात, अंगणातून चालत जातात, आणि घर कुठेतरी वाहून चाललंय असा भास होतो. वहिनीला सांगितलं तर ती हसली, म्हणाली, वन्सं, तुम्हाला बंदरावरची हवा लागलीय.

अण्णा शाळेत शिकवून आला की वहिनीच्या खोलीच्या दाराशी उभा राहून हळू आवाजात काही सांगतो आणि आतून तिचं हसू ऐकू येतं. त्या दोघांमध्ये तिसऱ्याला जागा नाही, आणि असूही नये. ते बघून मला आमची पहिली बारा वर्षं आठवली. तू यायच्या आधीची. संध्याकाळी पांढऱ्या वाळूवर स्वारी काठीने मुळाक्षरं काढून मला शिकवायची. लाट आली की धडा पुसला जायचा, की पुन्हा पहिल्यापासून. मी मुद्दाम चुकत असे. ते दिवस आता मला दुसऱ्याच कुणाचे वाटतात, सांगोवांगी ऐकलेले.

पद्मे, तसं काहीतरी तुलाही मिळायला हवं. मी घरात असले की स्वारी दोघींकडे बघते, आणि धड एकीकडेही बघत नाही. आता मूल येतंय. आई, बाप आणि मूल, एवढ्यांनी घर भरतं. तुला मी पसंत करून आणलं तेव्हा सासूबाईंना शब्द दिला होता की हिच्या वाटेत येणार नाही. त्या आता नाहीत, पण शब्द आहेच की.

तेव्हा मावशीला बोलावून घे. तुळसेचा हात हलका आहे, घाबरू नको. तूप-भात खात जा, ओझं उचलू नको. आणि अलीकडे बसत जा. तो पाट काही मी माहेराहून आणलेला नाही.

कळावे. लोभ आहे तो आहेच. त्यासाठी मी समोरच दिसायला हवी असा हट्ट धरू नये, ही विनंती.

तुझी
अक्का

॥ श्री ॥

रत्नागिरी
ता. ९ ऑक्टोबर १९३५

तीर्थस्वरूप अक्कांस पद्मजेचा नमस्कार. साष्टांग घालण्याइतकं आता वाकवत नाही, आणि आज तशी इच्छाही नाही. वि. वि.

दसऱ्याचं सोनं पाठवलंय, पाकिटात बघावं. मावशी आली आहे. दिवसभर मला मालगुंडच्या लोकांची दुखणी सांगते.

एक विचारायचंय. स्वारीच्या पानात जेवणाअखेर आपण नारळाच्या दोन वड्या वाढतो. एक ते खातात आणि एक पानात ठेवतात, आपल्यासाठी. चार वर्षं मी समोर बसले की त्या वडीची अर्धी फोड माझ्या अंगाला, शिरेच्या पलीकडे असायची, आणि अर्धी तुमच्याकडे. मला वाटायचं, बोलत नाहीत हे खरं, पण जेवताना मोडून दोघींची आठवण ठेवतात. त्या अर्ध्या वडीवर मी किती जगले ते तुम्हाला ठाऊक नाही. ज्या दिवशी नजर वर करूनही बघितलं नाही, त्या दिवशीही वडी होती. डोहाळजेवणाच्या दिवशी तर अख्खी माझ्या बाजूला होती, आणि पुढे तुम्ही जाईपर्यंत रोजच. तुम्हाला विचारलं, तर म्हणालात की मला गोड नकोसं झालंय.

तुम्ही गेल्या दिवसापासून वडी अलीकडे आहे. रोज. अख्खी. तुमच्या रिकाम्या पाटापुढे. माझ्या अंगाला कणसुद्धा नाही. मी ती खात नाही, माझी नाहीच ती. पान उचलून सगुणा गाईपुढे टाकते. कपिला वड्या खाऊन गुबगुबीत झालीय मेली.

मला वाटलं, माझं काही चुकलं. म्हणून काल सगुणेपाशी रडले. तर ती शेणाचे हात तसेच ठेवून माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. म्हणाली, धाकट्या बायला ठाऊक नाही? धाकटी बाय हात धुवायला मागच्या दारी गेली की थोरली बाय वडी मोडायची आणि अर्धी पलीकडे सारायची. चार वर्षं सगुणा गोठ्याच्या खिडकीतून रोज बघत होती. तिला वाटलं, आमच्या घरची रीतच तशी.

अक्का, मग मी चार वर्षं कुणाचं खाल्लं? नवऱ्याचं प्रेम म्हणून पदराला बांधलं, ते तुमचं होतं? दया आली होती का माझी? मग दया करणारीने शेवटपर्यंत करावी. आता ऐन वेळी मला टाकून तिकडे लोकांची बाळं काय हलवत बसलीस? मला शब्द देऊन आणलंस ना तू? सासूबाईंना दिलेला शब्द तुझ्या लक्षात आहे, मग मला पानावर समोर बसवलंस, तो शब्द नव्हता? मला राग आलाय. तुझा आलाय, त्यांचा आलाय, त्या वडीचासुद्धा आलाय. आणि रागात पहिली आठवण येते तीही तुझीच. काय करू?

कळावे. लोभ कुणाकडून मागावा हे कळेनासं झाल्यामुळे आज मागत नाही.

पद्मजा

॥ श्री ॥

देवरूख
ता. १५ ऑक्टोबर १९३५

चि. सौ. पद्मीस अक्काचे आशीर्वाद, घ्यावेसे वाटले तर. वि. वि.

रागाच्या भरात मला तू म्हणालीस. चार वर्षं तुम्ही-तुम्ही करून कान किटले होते. आता तेच ठेव.

सगुणा खोटं बोलली नाही. तू आलीस त्याच महिन्यातलं आहे ते. पान माझ्यापुढे आलं, वडी अलीकडे होती आणि तू हात पुसत समोर येऊन बसलीस. तुझी नजर पानावर फिरली आणि खाली गेली. दुसऱ्या दिवशी मी तू यायच्या आधीच वडी मोडली. दया म्हण हवं तर. पण अगो, दया चार वर्षं टिकत नाही. तू वडी तोंडात टाकून डोळे मिटायचीस ना, ते बघायची मला चटक लागली होती.

आता न सांगण्यासारखं सांगते. डोहाळजेवणाच्या दिवशी तुला हिरवी साडी नेसवली, ओटी भरली, तुझ्या केसांत मी माझ्या हाताने अबोली माळली. सुखात होते मी. स्वारीचं जेवण झालं, मी पाटावर बसले आणि बघते तर वडी पलीकडे. अख्खी. त्यांनी स्वतः ठेवलेली. चार वर्षांत पहिल्यांदा माझ्या हाताला काही काम उरलं नव्हतं. याच दिवसाची मी वाट बघत होते ना? मग तो आनंद गेला कुठे? मला मत्सर वाटला, पद्मे. तुझा. ज्या पोरीला मी कुशीत घेऊन झोपवलं, तिचा. रोज जेवायला बसायचं, रोज ती वडी बघायची आणि हसून म्हणायचं की गोड नकोसं झालंय. महिनाभर केलं. मग वहिनीचं निमित्त सापडलं.

तू मला हात धरायला बोलावतेस. माझ्या मनात असलं काही असताना तो हात मी तुला कसा देऊ? बाळाला माझी नजर लागेल याची भीती वाटते. इथे निदान मी चांगली असते. तुम्हा दोघांना एकमेकांपाशी सोडून आले, ते तेवढ्यासाठी. आज वडी अलीकडे पडत असेल, उद्या पलीकडे पडेल. धीर धर. आणि ते तुझ्यावर माया करतात की नाही, हे मला विचारू नको. त्यांना विचार. चार वर्षं मी मधे उभी राहिले म्हणूनच कदाचित तू कधी विचारलं नाहीस.

अबोलीला पाणी घालत जा.

कळावे. लोभाला मी आता पात्र नाही, तरी असावा.

अक्का

॥ श्री ॥

रत्नागिरी बंदर
ता. २० ऑक्टोबर १९३५

सौ. द्वारकेस आशीर्वाद. विशेष.

मला पत्रं लिहिण्याची सवय नाही. कचेरीत आगबोट आली, आगबोट गेली, एवढंच रोज लिहितो. आज साहेब फेरीवर गेलेत, बंदरावर सामसूम आहे आणि समुद्र इतका स्वस्थ की होड्या हवेत टांगल्यासारख्या दिसतात. म्हणून बसलो.

परवा पद्मजेने मला ओटीवर गाठलं आणि विचारलं की तुमच्या मनात माझ्यासाठी काही आहे का. रडत नव्हती, सरळ विचारलं. मी चपला शोधू लागलो. चपला पायांतच होत्या. मग तिने तुझं पत्र माझ्यापुढे ठेवलं आणि आत गेली.

वडीचं मला पहिल्या महिन्यापासून ठाऊक होतं. विहिरीवरून येताना एकदा दारातून दिसलं. तू मोडलीस, अर्धी तिकडे सारलीस, बोट पदराला पुसलंस. मला फार बरं वाटलं. माझ्याने जे होत नव्हतं ते तू करत होतीस. मग वर्षं गेली तसं ते बोचायला लागलं. काम माझं, आणि करत होतीस तू, तेही तुझ्यातलं देऊन. डोहाळजेवणाच्या दिवशी धीर केला आणि वडी पलीकडे ठेवली. तुला वाटेल, शिकले एकदाचे, असं माझ्या मनात होतं. तू खूश होशील या कल्पनेने मी दिवसभर कचेरीत आपल्याशीच हसत होतो. तू गेलीस तेव्हा कारण काही माझ्या डोक्यात शिरलं नाही. हात मात्र आपोआप जुन्या जागी गेला.

तिने विचारलं त्याचं उत्तर तुला लिहितो, कारण मला सगळं तुलाच सांगायची सवय आहे आणि माझी खोट बहुतेक तीच. तुझ्यापाशी मी निवांत असतो. तिच्यापाशी अजून लाजतो. बेचाळीस वर्षांचा माणूस बायकोपुढे लाजतो, हे कुणाला सांगू? ती केस विंचरत असली की मी वर्तमानपत्र उलटं धरतो. तुझ्याशी आहे ते तिच्याशी नाही, आणि तिच्याशी आहे ते तुझ्याशी कधी नव्हतं. यातलं मोठं कोणतं, हे मला सांगता येत नाही आणि ठरवायचंही नाही.

तू आम्हाला दोघांना एकमेकांपाशी ठेवून गेलीस म्हणतेस. द्वारके, तू गेल्यावर आम्ही दोघं उरलो नाही. एकेकटे उरलो. ती माजघरात, मी ओटीवर. मत्सराचं म्हणशील तर तू तिला माझ्याआधी जिंकलंस, म्हणून मलाही तो थोडा वाटलेला आहे.

कळावे. आग्रह करत नाही; कधी केला नाही, तेही चुकलंच. यावंस असं मला फार वाटतं.

गोपाळकृष्ण

॥ श्री ॥

रत्नागिरी
ता. २४ ऑक्टोबर १९३५

अक्का, तुला पद्मजेचा नमस्कार. वि. वि.

पत्र लहान लिहिते, बसवत नाही. पाय सुजलेत. तुळसा म्हणते, दिवस भरले, आता केव्हाही.

स्वारीने तुला काय लिहिलं ते त्यांनी मला सांगितलं. सगळं. ओटीवर बसून, समुद्राकडे तोंड करून, पण सांगितलं. वर्तमानपत्राचंसुद्धा. इश्श! मी म्हटलं, उलटं दिसत होतं मला रोज. तर कान लाल झाले. मग आम्ही दोघं हसलो, आणि हसता हसता दोघांच्याही मनात आलं की हे आता आत जाऊन अक्काला सांगावं. आणि आत तर तू नव्हतीस.

दुसऱ्या दिवशी पानावर काय झालं ते ऐक. वडी अलीकडेही नाही आणि पलीकडेही नाही. बरोब्बर शिरेवर. बांधावर दगड ठेवावा तशी, तोल सांभाळून ठेवलेली. मी बघत राहिले. ती उचलायची कुणी? माझी म्हणून उचलली तर तुझी जाते, तुझी म्हणून सोडली तर त्यांना वाटणार मी अजून रुसलेली. तशीच बसले. वडीला मुंग्या लागल्या. काल तेच, आज तेच. आम्ही तिघंही वेडी आहोत का गं?

तुझ्या मत्सराचं वाचलं. मी तुझ्यावर रागावले नाही. मलाही वाटतो. तू आणि ते संध्याकाळी नुसते शेजारी बसायचात ना, काही न बोलता, तेव्हा मी आत भांडी आपटायची. तुला वाटायचं, माझा हात जड आहे. इतकी वर्षं असला मत्सर घेऊन मी तुझ्याच हातचं जेवले, तुझ्याच अंगावर पाय टाकून झोपले. मला काही झालं नाही. तुझ्या नजरेने माझ्या बाळाला काय होणार? त्याला तूच हवीस. आत सारखं देवरुखाच्या दिशेला लाथा मारतंय.

मला भीती वाटते, अक्का. माझी आई माझ्या वेळीच गेली. हे मी कुणालाच बोलले नाही, मावशीलाही नाही, त्यांनाही नाही. तुलाच लिहिते आहे.

कळावे. लोभ मोडून अर्धा चालेल, पण तुझ्या हाताने.

पद्मी

॥ श्री ॥

देवरूख
ता. २७ ऑक्टोबर १९३५

माझ्या पद्मीस अक्काचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र काल सकाळी आलं. मी बाळाला पायांवर घेऊन बसले होते. वाचून झालं आणि वहिनीने न विचारताच ते माझ्या पायांवरून उचललं. म्हणाली, वन्सं, तुमचं बाळ तिकडे आहे, आता उठा. अण्णा सर्व्हिस मोटारीचं ठरवायला गेलाय. परवा सकाळी निघते. हे पत्र टपालाच्या गाडीने एक दिवस आधी पोचेल. तोवर दम धर. पोटातल्यालाही सांग, अक्का येईपर्यंत घाई नाही.

तुझी आई गेली ते तिचं दैव. तुला काही होणार नाही. मी होऊ देणार नाही. माझा हात तू कितीही जोरात दाबलास तरी चालेल, मोडला तर मोडला.

काल दिवसभर त्या शिरेवरच्या वडीचं माझ्या डोक्यात घोळत होतं. अंगणात भात वाळत घातलं होतं, मी चिमण्या हाकत बसले होते, डोळे जड झाले होते आणि मला आपलं पान दिसत होतं. तिकडून त्यांनी वडी ठेवायची, मी मोडायची, तू खायची, मी रुसायचं, त्यांनी शिरेवर ठेवायची, मुंग्यांनी न्यायची. आणि एकदम माझी झोप उडाली. अगो, त्यांच्या पानात वड्या दोनच का?

वाढणारी मी. लग्न झाल्यापासून दोन वाढत आले. एक त्यांची, एक माझी. बारा वर्षं घरात दोघं होतो, दोन बरोबर होत्या. तू आलीस, पाट तीन झाले, पाण्याची भांडी तीन झाली, परसात तिसरी चोळी वाळत पडू लागली, आणि वड्या मी दोनच वाढत राहिले. तुलाही तसंच शिकवलं. तू आज माघारी दोनच वाढतेस ना? बघ. त्या बिचाऱ्या माणसाच्या पानात खाऊन एकच उरते, तर त्याने ती ठेवायची कुठे?

ही नुसती सवय होती म्हणून सोडून देता आलं असतं. पण खरं सांगते, तिसरी वाढावी असं माझ्या मनात कधीतरी आलं होतं. मी ते टिकू दिलं नाही. तिसरी वाढली असती तर ती तुला थेट त्यांच्याकडून मिळाली असती. मला माझ्यातली मोडून तुला द्यायची होती. देणारी मी राहायला हवी होते. त्यात मोठेपणा होता, आणि तू तो गोड मानून खात होतीस. दया केली का, असं तू विचारलंस तेव्हा मी नाही म्हटलं. दया नव्हती, पण हे होतं. हे तू मला माफ कर.

मी आले की पाट बदलायचे. त्यांच्या पाटावर तू बसायचंस. मी पलीकडे. सोळा वर्षं भाताच्या बाजूला बसले, आता मीठ-लोणचं चाखते. मला मीठवाली म्हण, मोठ्याने म्हण, ओटीपर्यंत ऐकू जाऊ दे.

उद्या शिरेवरची वडी उचल आणि निम्मी त्यांच्या हातावर ठेव. लाजू देत.

कळावे. लोभ तिघांत आहे तोवर तो मोडायची गरज नाही, हे उशिरा कळलं. तरी गोड मानून घ्यावे.

तुझी
अक्का

ता. क. — हे वाचून वड्या तीन वाढशील, तर नको वाढू. मी येईपर्यंत दोनच असू देत. तिसरी मला माझ्या हाताने वाढायची आहे.